टोचन कुठवर? गाडी बंद पडण्याआधी वाचून ठेवायच्या अटी

बंद पडलेली गाडी म्हणजे काय, हे भिवंडीकराला समजावून सांगावं लागत नाही. माणकोली नाक्यावर सकाळी एखादा कंटेनर अॅक्सल तुटून आडवा राहिला, की काल्हेर-कशेळीपासून रांजनोलीपर्यंत सगळ्यांचा दिवस बिघडतो. गोदामात हजेरी लावायला निघालेली मुलं, शाळेच्या बस, सुताचे बाचके भरलेले टेम्पो, एखादी रुग्णवाहिका, सगळे एका रांगेत. रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : ही गाडी अजून कुणी हलवली कशी नाही? कधीतरी त्या जागी आपली गाडी असेल. तेव्हा हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल, आणि त्याचं उत्तर आपल्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत छापलेलं असेल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजाऱ्यांवर ही वेळ आली. नाशिकहून लग्न उरकून ते परतत होते. गाडीत म्हातारी आई, बायको आणि दोन मुलं. पडघ्याच्या अलीकडे क्लच गेला. रात्रीचे अकरा वाजले होते. विमा घेताना 'रोडसाइड असिस्टन्स आहे, काळजी करू नका' असं त्यांना सांगितलेलं होतं, म्हणून ते निवांत होते. फोन लागला, दीड तासाने फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक, आला. गाडी ठाण्यातल्या ओळखीच्या गॅरेजात न्यायची होती. फ्लॅटबेडवाल्याने मोबाइल पुढे धरला. योजनेत फक्त जवळच्या वर्कशॉपपर्यंत नेणं बसत होतं, आणि किलोमीटर मोजायचे होते ते त्याच्या यार्डातून निघाल्यापासून यार्डात परत पोहोचेपर्यंत. वरच्या अंतराचे पैसे रोख. केबिनमध्ये जागा एकाच माणसाला. शेजाऱ्यांनी पैसे भरले, भिवंडीतल्या मेव्हण्याला झोपेतून उठवलं, घरची मंडळी त्याच्या गाडीने रात्री दोनला घरी आली.

त्या रात्री त्यांना कुणी लुबाडलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने वाचलं नाही, एवढंच घडलं. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आज हीच आहे. म्हणून अर्धा तास काढून हे समजून घ्या.

एक शब्द, तीन व्यवस्था

आपण बोलताना सगळ्यालाच 'टोचन' म्हणतो. प्रत्यक्षात गाडी उचलणाऱ्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि प्रत्येकीची हद्द वेगळी आहे. गोंधळ होतो तो या तिघींची सरमिसळ झाल्यामुळे.

पहिली रस्त्याची व्यवस्था. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन मागवता येते. पण या क्रेनचं काम रस्ता मोकळा करण्याचं आहे. ती तुमची गाडी वाहत्या मार्गिकेतून उचलून सुरक्षित जागी उभी करील. तिथून पुढे तुमच्या गॅरेजपर्यंत पोहोचवणं तिच्या कामात येत नाही. समृद्धी महामार्ग हा रस्ते विकास महामंडळाचा, त्यामुळे तिथली मदत यंत्रणा वेगळी आहे. तिचा क्रमांक रस्त्यावरच्या फलकावर दिसतो. आमण्याला चढताना तो मोबाइलमध्ये घालून घ्या. भिवंडी-वाडा रस्ता, अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडे जाणारा रस्ता किंवा गावातले रस्ते यांवर मात्र महामार्गाची क्रेन येईल असं धरून चालू नका.

दुसरी व्यवस्था तुमच्या मूळ मोटार विम्यात दडलेली असते. अपघातात गाडी चालण्याजोगी राहिली नाही, तर तिचं रक्षण करणं, जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेणं आणि परत आणणं, यांचा वाजवी खर्च कंपनी देते. पण त्याला कमाल मर्यादा आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमधून आलेल्या प्रमाणित मसुद्यात ही मर्यादा एका अपघातामागे खासगी मोटारीला १,५०० रुपये, दुचाकीला ३०० रुपये, तीनचाकीला ७५० रुपये, टॅक्सीला १,५०० रुपये आणि इतर व्यापारी वाहनांना २,५०० रुपये अशी आहे. विम्याचे दर पुढे खुले झाले, तरी ही कलमं अनेक पॉलिसींत आजही त्याच आकड्यांसह छापलेली सापडतात. भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला कलंडला, तर त्याला सरळ करायला लागणाऱ्या हायड्रा क्रेनच्या भाड्यापुढे २,५०० रुपये म्हणजे काय, हे कोणत्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारा. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढवून मिळते का, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारायचं असतं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही.

या दुसऱ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी मेख 'अपघात' या शब्दात आहे. मूळ पॉलिसी यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज यांची भरपाई देत नाही. क्लच गेला, बॅटरी उतरली, बेल्ट तुटला, तर हे कलम लागू होत नाही. विम्यात धरलेल्या कारणाने गाडीचं नुकसान झालं असेल तरच ते उघडतं. आणि तुमच्याकडे फक्त त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे साध्या भाषेत थर्ड पार्टी असेल, तर तेही नाही. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा आहे, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी मोटारीला ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे 'माझा तीन वर्षांचा विमा आहे' या समजुतीत पुष्कळ लोक राहतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो केव्हाच संपलेला असतो. आज घरी गेल्यावर हीच तारीख आधी बघा.

तिसरी व्यवस्था म्हणजे रोडसाइड असिस्टन्स. ती बिघाडासाठीच असते. विम्याला जोडून थोड्या रकमेत मिळते, नव्या गाडीबरोबर गाडी बनवणारी कंपनी काही वर्षं देते, किंवा स्वतंत्र सभासदत्व घेता येतं. एकाच गाडीवर दोन ठिकाणची मदत असू शकते आणि मालकाला एकच ठाऊक असते, असंही होतं. ही व्यवस्था चांगली आहे, आणि आपल्या भागात घ्यावी असंच मी सांगेन. पण तिला पाच कुंपणं आहेत.

पाच कुंपणं

पहिलं कुंपण अंतराचं. 'टोइंग मोफत' या शब्दांच्या पुढे किती किलोमीटर, हे शोधा. कुठे २५ असतील, कुठे ५०, कुठे १००. मग विचारा : मोजणी कुठून कुठे? गाडी बंद पडली तिथून गॅरेजपर्यंत, की फ्लॅटबेडच्या यार्डापासून परत यार्डापर्यंत? दोन्हींत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. एक हिशेब करून पाहू. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याची लांबी ७६ किलोमीटर आहे. इगतपुरीच्या बाजूला गाडी बंद पडली आणि तुम्हाला ती भिवंडीत आणायची आहे, तर ५० किलोमीटरची योजना वाटेतच संपते. वर या रस्त्यावर मधूनच कुठेही चढता-उतरता येत नाही. फ्लॅटबेडला ठरावीक इंटरचेंजवरूनच आत यावं आणि बाहेर पडावं लागतं. हे फेऱ्याचं अंतरही किलोमीटरमध्येच धरलं जातं. आणि 'कुठे न्यायचं' हेही बहुतेक योजनांत ठरलेलं असतं : जवळचं अधिकृत वर्कशॉप. तुमचा विश्वासाचा मिस्त्री वंजारपट्टी नाक्याला असेल, पण योजनेचं जवळचं वर्कशॉप वेगळंच असू शकतं. तिथे रात्री गाडी ठेवून घेतात का, हेही विचारायचं राहून जातं.

दुसरं कुंपण वेळांचं. वर्षाला किती वेळा मदत मिळेल याचा आकडा असतो. जुन्या बॅटरीला जंप-स्टार्ट देण्यात दोन फेऱ्या संपवल्या, तर खऱ्या अडचणीच्या दिवशी हातात काही उरत नाही. त्याच बिघाडासाठी पुन्हा बोलावलं तर नकार मिळू शकतो. स्वतंत्र सभासदत्व असेल, तर ते घेतल्यापासून किती दिवसांनी सुरू होतं तेही पाहा. कसाऱ्याच्या घाटात उभं राहून ऑनलाइन योजना विकत घेणाऱ्याला त्या दिवशी तिचा उपयोग होत नाही.

तिसरं कुंपण कामाचं. मदतनीस येतो तो लहानसहान काम करायला आणि गाडी पुढे न्यायला. पंक्चर झालं तर तो तुमचीच स्टेपनी बसवून देतो. स्टेपनीत हवा नसेल, किंवा जॅक आणि व्हील पाना घरी राहिला असेल, तर साधं पंक्चर टोचनाची केस बनतं. बॅटरीला तो जोर देईल, नवी बॅटरी तुमच्या पैशाने. पेट्रोल-डिझेल काही लिटर आणून देतील, पण इंधनाची किंमत बहुधा वेगळी घेतील. सीएनजी रस्त्यावर आणून देता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीचं चार्ज संपलं, तर तिला चार्जिंगच्या जागेपर्यंत उचलून नेणं हाच सर्वसाधारण मार्ग. सुटे भाग, टोल, पार्किंग यांचे पैसे जवळपास सगळ्या योजनांत मालकाकडे असतात.

चौथं कुंपण जागेचं. 'वाहन जाण्याजोग्या रस्त्यावर' असं एक वाक्य अटींत हमखास असतं. गाडी शेतात उतरली, खड्ड्यात किंवा गटारात चाक गेलं, गाडी उलटली, तर नुसतं टोचन पुरत नाही. आधी तिला बाहेर काढावं लागतं. हे काढण्याचं काम वेगळं मोजलं जातं आणि बहुतेक योजनांत धरलेलं नसतं. आपल्याकडे दोन जागा नेहमी नडतात. यंत्रमागांच्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्यांत फ्लॅटबेड शिरत नाही. काल्हेर, कोन या बाजूच्या नव्या इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तो उंचीमुळे उतरत नाही. अशा वेळी गाडी ढकलत तोंडापर्यंत आणण्याची जबाबदारी तुमची. फोनवर हे आधीच सांगितलं, तर ते लहान उचल-गाडी पाठवू शकतात. न सांगितल्यास आलेला माणूस परत जातो आणि तुमची एक फेरी खर्ची पडते.

पाचवं कुंपण गाडीचं. मोटारीच्या योजनेत ठरावीक वजनापर्यंतचीच वाहनं येतात. खासगी म्हणून घेतलेली योजना भाड्याने चालणाऱ्या गाडीला लागू होत नाही. गाडीचं वय, बाहेरून बसवलेला गॅस-किट, विम्याचा खंड या कारणांनीही नकार येऊ शकतो. आणि हॉटेलात मुक्काम, पुढच्या प्रवासाला टॅक्सी अशा गोडगोड सुविधा बहुधा घरापासून १०० किलोमीटरच्या पलीकडे गाडी बंद पडली तरच मिळतात. म्हणजे भिवंडीकराला पडघ्यात, शहापुरात किंवा आसनगावात त्या मिळणार नाहीत. माझ्या शेजाऱ्यांच्या आईला त्या रात्री टॅक्सी का मिळाली नाही, त्याचं उत्तर या एका ओळीत होतं.

टेम्पो, ट्रक आणि त्यातला माल

भिवंडीचं पोट माल ने-आण करण्यावर चालतं. दापोडे, पूर्णा, राहनाळ, सोनाळे या पट्ट्यातल्या गोदामांतून रात्रंदिवस गाड्या सुटतात. म्हणून एक-दोन टेम्पोंचे मालक आणि स्वतः गाडी चालवणारे यांनी हा भाग नीट वाचावा.

योजना रिकाम्या गाडीची आहे की भरलेल्या, हा तुमचा पहिला प्रश्न. पुष्कळ योजनांत माल उतरवल्याशिवाय गाडी उचलत नाहीत. माल उतरवणं, दुसऱ्या गाडीत भरणं, त्याची हमाली, दुसऱ्या गाडीचं भाडं, सगळं तुमच्याकडे. महामार्गाच्या कडेला माल उतरवायला माणसंही सहज मिळत नाहीत. म्हणून नेहमीच्या मार्गावर, म्हणजे पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी या टप्प्यांत, ओळखीचा एकेक मिस्त्री आणि एकेक बदली गाडीवाला जोडून ठेवणं हा खरा विमा आहे.

माल दुसऱ्या गाडीत भरला, की ई-वे बिलाच्या 'भाग ब' मध्ये नव्या गाडीचा क्रमांक टाकायचा असतो. तो न टाकता गाडी पुढे गेली आणि तपासणीत सापडली, तर मालासकट अडकते. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. गाडी बिघाडामुळे खोळंबली तर मुदत वाढवून घेता येते, पण ती संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच. गॅरेजात दिवस मोजत बसलेल्या ड्रायव्हरच्या हे ध्यानात राहत नाही. ज्याने बिल काढलं त्या गोदामातल्या माणसाला ताबडतोब फोन करायचा, हे ड्रायव्हरला आधीच शिकवून ठेवा.

मालाचं नुकसान हा विषय गाडीच्या विम्यात येत नाही. त्याला मालवाहतुकीचा वेगळा विमा लागतो. टोचन करताना हौद्यातला माल भिजला किंवा चेपला, तर गाडीच्या पॉलिसीकडे बोट दाखवून उपयोग नाही. क्षमतेपेक्षा जास्त भरल्यामुळे अॅक्सल किंवा पाटे तुटले, तर ते नुकसानही पॉलिसी बाहेर ठेवते.

आता आपल्या रस्त्यावरची एक चांगली सवय, जी महागात पडू शकते. बंद पडलेल्या गाडीला दुसरा ट्रकवाला साखळी लावून ओढतो. माणुसकी म्हणून हे योग्यच आहे. व्यापारी वाहनांच्या प्रमाणित पॉलिसीतही एका बंद वाहनाला ओढण्याची मुभा आहे, पण दोन अटींवर : त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं किंवा तिच्यातल्या मालाचं नुकसान तुमची पॉलिसी भरणार नाही. रस्त्याचे नियमही आहेत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा, किंवा तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. मागे ठळक पाटी हवी. वेग ताशी २४-२५ किलोमीटरच्या वर नको. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा घट्ट लागतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं, म्हणून हे नियम आहेत. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडीला तर साखळी लावूच नका. इंजिनाची किंवा मोटरची चाकं रस्त्यावर फिरवत ओढलं, तर आतला भाग जळतो. त्यांना फ्लॅटबेडच लागतो, आणि हे फोनवर पहिल्या वाक्यात सांगायचं असतं.

पावसाळ्यातली एक चावी

२६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी भिवंडीत पाहिला, त्यांना कामवारीचं पाणी किती वेगाने चढतं हे सांगायला नको. दर पावसाळ्यात सखल भागात गाड्या पाण्यात उभ्या राहतात. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा मोह सगळ्यांना होतो. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं, की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळं इंजिन कामातून जातं. पुराने गाडी भिजली तर तो विम्याचा दावा आहे. पण भिजल्यावर तुम्ही चावी फिरवून जे इंजिन मोडलं, त्याला कंपनी पुढचं, टाळता आलं असतं असं नुकसान म्हणते आणि साध्या पॉलिसीत नाकारते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कव्हर असतं. सखल भागात राहणाऱ्याने ते घ्यावंच. आणि कव्हर असलं तरी पाण्यातल्या गाडीची चावी फिरवू नये. जमलं तर बॅटरीची तार काढा, फोटो काढा, पाणी ओसरू द्या, मग गाडी उचलायला सांगा. पाण्यात उभ्या गाडीपर्यंत मदतनीस येत नाही, चौथं कुंपण तिथेही आड येतं.

अशीच एक अट अपघातानंतरची. गाडी बेवारस सोडून जाऊ नये, आणि दुरुस्तीआधी तशीच चालवत नेल्यामुळे नुकसान वाढलं तर ते मालकाच्या माथी, असं पॉलिसी स्पष्ट म्हणते. रेडिएटर फुटलेली गाडी 'भिवंडी आलीच की' म्हणत वडप्यावरून दामटली, तर जळालेल्या इंजिनाचे पैसे मिळणार नाहीत.

गाडी थांबली त्या क्षणी

गाडीपेक्षा माणूस आधी. बंद गाडीत बसून मदतीची वाट पाहणं आणि गाडीच्या मागे उभं राहून टायर बदलणं, ही महामार्गावरची सर्वांत धोक्याची कामं आहेत. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला अंधारात तुम्ही थांबलेले आहात हे शेवटच्या क्षणी कळतं. म्हणून या क्रमाने करा :

१. गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर चालू करा.
२. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या पलीकडे नेऊन उभं करा. मुलं आणि वृद्ध आधी.
३. लाल त्रिकोण गाडीमागे किमान ५० मीटरवर ठेवा, वेगवान रस्त्यावर आणखी मागे. झाडाची फांदी किंवा दगड ठेवून त्यावर भागवू नका, आणि जाताना तर ते तिथे मुळीच सोडू नका.
४. गाडी मार्गिकेतच अडकली असेल तर आधी १०३३ किंवा ११२ ला फोन करा. कुणी जखमी असेल तर १०८.
५. मग तुमच्या योजनेला फोन करा.

योजनेशी बोलताना जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, रस्त्याची बाजू, आणि मोबाइलवरचं ठिकाण द्या. 'नाशिककडून ठाण्याकडे जाताना' एवढं म्हटलं, तरी फ्लॅटबेड चुकीच्या बाजूला येण्याचं टळतं. गाडी ऑटोमॅटिक आहे का, इलेक्ट्रिक आहे का, चाकं फिरतात का, भरलेली आहे का, हे सांगा. आणि हे विचारा : माझ्या योजनेत किती किलोमीटर आहेत, मोजणी कुठून, कोणतं वर्कशॉप, वरच्या किलोमीटरचा दर काय, यायला किती वेळ. शेवटी तक्रार क्रमांक मेसेजवर मागा. भिवंडी-ठाणे पट्ट्यात रुंदीकरण, मेट्रोचं काम आणि अवजड वाहनांच्या वेळा यांमुळे मदतीची गाडीही तुमच्यासारखीच रांगेत अडकते. म्हणून सांगितलेल्या वेळेत तास-दीड तास स्वतःच मिळवा आणि त्या हिशेबाने घरच्यांची सोय करा.

तो मेसेज आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे. वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होतो आणि सरकारी यंत्रणेने गाडी हलवली तर तो खर्चही मालकाकडून घेतात. पण अचानक बिघाड झाला असेल आणि गाडी हलवण्याचं काम चालू असेल, तर हा दंड लागू होत नाही, असं २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमात घातलं आहे. मदत मागवल्याची वेळ दाखवणारा मेसेज हा त्याचा पुरावा. मात्र नो-पार्किंगमधून पोलिसांनी उचललेल्या गाडीचा आणि रोडसाइड असिस्टन्सचा काहीही संबंध नाही.

खासगी टोचनवाला बोलवावा लागला, तर गाडी चढवण्याआधी दर ठरवा : एकूण किती, टोल आणि जीएसटी धरून की सोडून, कुठपर्यंत. ठरलेलं त्याच्याच मोबाइलवरून तुम्हाला मेसेज करून घ्या. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आतला कागद-पैसा काढून घ्या, चावी कुणाच्या हातात दिली ते नोंदवा. अपघात असेल तर गाडी हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा. पावतीवर तुमच्या गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर हे असलं, तरच ती पुढे दाव्याला उपयोगी पडते.

नकार आला तर

अटीत बसणारं काम नाकारलं असेल, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, तक्रार क्रमांक आणि पावती जोडा. तिथे दाद लागली नाही, तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा या व्यवस्थेत किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. स्वतंत्र सभासदत्व विमा कंपनीचं नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पण हे सगळे आधी एकच गोष्ट विचारतील : अटीत काय लिहिलं आहे? म्हणून तक्रारीची तयारीही वाचनापासूनच सुरू होते.

या रविवारी

पॉलिसी काढा आणि पाच उत्तरं एका कागदावर मराठीत लिहा : स्वतःच्या नुकसानीचा विमा कधी संपतो, असिस्टन्सचा क्रमांक कोणता, किती किलोमीटर आणि मोजणी कुठून, वर्षातून किती वेळा, आणि भरलेली गाडी उचलतात का. कागदाच्या खाली ओळखीच्या मिस्त्रीचा आणि एका टोचनवाल्याचा फोन लिहा. स्टेपनीतली हवा तपासा, लाल त्रिकोण डिकीत आहे ना पाहा. कागद गाडीत ठेवा आणि त्याचा फोटो गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवा, ड्रायव्हरच्याही. रात्री घाटात गाडी घेऊन तोच उभा असतो, आणि पॉलिसी मात्र मालकाच्या कपाटात असते.

माझ्या शेजाऱ्यांनी तो कागद आता केला आहे. त्यांच्या योजनेतले किलोमीटर तेवढेच आहेत, एकही वाढलेला नाही. पण परवा पुन्हा नाशिकला निघताना त्यांनी मेव्हण्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, रात्री फोन आला तर आईला आणायला पडघ्यापर्यंत यायचं म्हणून.